नऊ नंबरचा व्हॉल्व्ह

दस्तगीरचाचांनी लांब लोखंडी चावी रस्त्यातल्या चेंबरमध्ये उतरवली. ती खाली व्हॉल्व्हच्या माथ्यावर नीट बसली तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि स्टॉपवॉच सुरू केलं.

"एक नंबर. बाजारपेठ. साडेपाचला सोडायचा," ते म्हणाले आणि चावीचा आडवा दांडा दोन्ही हातांनी फिरवू लागले.

मी फेरे मोजले. चौदा. वहीत लिहिलं: व्हॉल्व्ह १, उघडायला ५२ सेकंद, १४ फेरे. जानेवारीची सकाळ होती, बोटं आखडली होती, तरी आकडे सुबक येत होते याचं मला कौतुक वाटत होतं.

कडेवळ या गावात नगरपरिषदेची एकच उंच टाकी होती. तिच्यातून अकरा भागांकडे अकरा पाइप जायचे आणि प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. सगळे एकदम उघडले तर कुणालाच जोर मिळत नाही, म्हणून साडेपाच ते साडेनऊ एकामागून एक उघडायचे आणि बंद करायचे. हे काम दस्तगीर मुलाणी बत्तीस वर्षं करत होते. एकतीस जानेवारीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी नवा माणूस भरायचा नाही असं ठरलं होतं. व्हॉल्व्हवर मोटारी बसणार होत्या. त्या मोटारी कधी फिरवायच्या हे ठरवणारा प्रोग्राम आमच्या कंपनीनं द्यायचा होता. म्हणजे एक फेब्रुवारीच्या सकाळी कडेवळला पाणी मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी माझ्या वहीवर अवलंबून होतं.

कंपनी म्हणजे साताऱ्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर बसणारी आम्ही पाच माणसं. प्रोग्राम आम्ही हातानं लिहीत नव्हतो. ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट लिहायचे. आज यात कुणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा ही पद्धत नवी होती. एजंटला एक कागद द्यायचा. काय बनवायचं, ते कधी कसं वागलं पाहिजे, काय अजिबात करायचं नाही, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं, एवढं त्यात असायचं. त्याला आम्ही स्पेक म्हणायचो. एजंट तो वाचून स्वतःच आराखडा करायचा, प्रोग्राम लिहायचा, तपासायचा, चुकला तर पुन्हा लिहायचा. आमच्या प्रमुख मृदुलाताई कारखानीस यांचा एकच कडक नियम होता. एजंटनं लिहिलेल्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. काही चुकलं तर आपला कागद चुकला असं धरायचं आणि कागद दुरुस्त करायचा.

मला हा नियम फार आवडायचा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन मला सात महिने झाले होते. नीट मोजलं, नीट लिहिलं की चूक राहतच नाही, अशी माझी समजूत होती.

तर मी तीन दिवस चाचांच्या मागे फिरले. ते नगरपरिषदेच्या सायकलवर, मी मैत्रिणीकडून आणलेल्या स्कूटीवर. टाकीखालच्या खोलीत एक पत्र्याचा बोर्ड होता. त्यावर २००९ सालच्या सभेच्या ठरावानं मंजूर झालेल्या वेळा रंगवल्या होत्या. चाचांच्या प्रत्यक्ष वेळा आणि बोर्डावरच्या वेळा यांत मला तीन दिवसांत जास्तीत जास्त चाळीस सेकंदांचा फरक सापडला. मी थक्क झाले. प्रयोगशाळेतले लोकसुद्धा इतके काटेकोर नसतात, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले नाहीत. "सवय असते, मॅडम," एवढंच म्हणाले आणि चावी खांद्यावर टाकून पुढे निघाले.

नऊ नंबरचा व्हॉल्व्ह टेकडीवरच्या वस्तीचा होता. वस्तीत एकशे तीस घरं, बहुतेक दगडखाणीत काम करणाऱ्यांची. घरात नळ नव्हते, रस्त्याला सार्वजनिक नळ होते, आणि सगळ्यात वरचा नळ अंगणवाडीपाशी. बोर्डावर वस्तीला पंचवीस मिनिटं होती, आठ दहा ते आठ पस्तीस. चढ इतका की पहिली बारा मिनिटं नळातून नुसती हवा फुसफुसायची. चाचा व्हॉल्व्हपाशी थांबले आणि मी वर नळाशी जाऊन उभी राहिले. रांग लावायचं काम मालन ऐवळे नावाची बाई करत होती. अंगणवाडीत मदतनीस होती ती. तिचा आवाज खणखणीत होता, पण त्या तिन्ही दिवशी ती फारशी बोलली नाही.

पाणी थांबलं तेव्हा मी भांडी मोजली. सवयच ती. रांगेत एकसष्ट भांडी आली होती, तीस भरली होती. बाकीची लोकांनी मुकाट्यानं उचलली आणि घरी नेली. कुणी कुरकुर केली नाही, कुणी चाचांच्या नावानं बोललं नाही. मी मालनताईंना विचारलं, पाण्याबद्दल काही तक्रार आहे का, असेल तर मी लिहून घेते.

"काय न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुमचं लिहायचं झालं का? मग बास."

वहीत मी लिहिलं: वस्तीवर लोक गरजेपेक्षा जास्त भांडी आणतात. तक्रार नाही.

साताऱ्याला परत येऊन मी चौदा पानांचा स्पेक लिहिला. प्रत्येक व्हॉल्व्ह किती वाजून किती सेकंदांनी उघडायचा, किती फेरे, वीज गेली तर काय, टाकीतली पातळी उतरली तर काय. सहावं कलम मला विशेष जमलं आहे असं वाटत होतं. कोणताही व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त उघडा आढळला तर प्रोग्रामनं तो ताबडतोब बंद करावा आणि नोंद करावी. एजंटनं दीड दिवसात प्रोग्राम तयार केला. तपासण्या एकशे चार, सगळ्या पास.

वीस जानेवारीला चाचणी सुरू झाली. आता चावी नव्हती. मोटारी आपोआप घुरघुरायच्या, आणि चाचांनी फक्त बघायचं होतं. पहिल्या संध्याकाळी एजंटनं पाठवलेला अहवाल असा होता: अकरापैकी अकरा व्हॉल्व्ह वेळेवर. मी तो नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा अभियंत्यांना, वनमोरेसाहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल वेगळा होता. तो मला आजही पाठ आहे.

८:३५, व्हॉल्व्ह ९ बंद केला. ८:३७, व्हॉल्व्ह ९ हातानं उघडलेला आढळला, कलम ६ नुसार बंद केला. ८:४१, हातानं उघडलेला आढळला, बंद केला. ८:४४, पुन्हा. ८:४८, पुन्हा. ८:५२, पुन्हा. त्यानंतर नोंद नाही.

मोटार बिघडली तर हातानं फिरवता यावं म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला एक चाक ठेवलं होतं. ते कुणीतरी पाच वेळा फिरवलं होतं आणि पाचही वेळा प्रोग्रामनं ते उलटं फिरवलं होतं. अहवालाच्या खाली एजंटची सूचना होती: व्हॉल्व्ह ९ च्या हातचाकाला कुलूप लावावं, म्हणजे वेळापत्रक अबाधित राहील.

वनमोरेसाहेबांचा फोन लगेच आला. पाणीचोरीचाच प्रकार आहे, ते म्हणाले. कुलूप लावू, आणि कोण आहे ते कळलं की तक्रार देऊ. नव्या यंत्रणेची सुरुवातच अशी झाली तर पुढे कुणी जुमानणार नाही. मला त्यांचं पटलं. तरी कुलूप लावण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटलं, कारण चोरी करणारा माणूस पाच वेळा तेच करून पंधरा मिनिटांत पाच वेळा हरेल, हे मला विचित्र वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मी टेकडीच्या पायथ्याशी स्कूटी लावली आणि चालत गेले. चेंबरचं झाकण उघडं होतं. आत कमरेपर्यंत उतरून दस्तगीरचाचा उभे होते, दोन्ही हात चाकावर.

आठ पस्तीसला मोटार घुरघुरली. व्हॉल्व्ह बंद होत गेला. चाचांनी तो उघडायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी मोटार पुन्हा घुरघुरली आणि त्यांच्या हातातलं चाक उलटं फिरू लागलं. त्यांनी सोडून दिलं, ते थांबायची वाट पाहिली आणि परत उघडायला लागले. थंडी होती, पण त्यांच्या मानेवर घाम होता.

"चाचा," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. चाक सोडून चेंबरच्या काठावर बसले.

"तुमचं मशीन थकत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "मी थकलो."

मी विचारलं की हे कशासाठी. त्यांनी रुमाल काढला. मग टेकडीकडे न बघता, हात पुसत पुसत, एकेक करून सांगितलं. बोर्डावरच्या वेळा ठरल्या तेव्हा वस्तीत चाळीस घरं होती. आता एकशे तीस. वेळ वाढवून द्या म्हणून त्यांनी स्वतः दोनदा अर्ज दिला होता. ठराव बदलायचा तर सभेत खालच्या भागांतल्या सदस्यांनी आपली मिनिटं सोडायला हवीत, म्हणून अर्ज दोन्ही वेळा तसाच परत आला. मग एका सकाळी दोन नंबरच्या गल्लीत शेवटच्या मिनिटांचं पाणी भरलेल्या टाक्यांवरून गटारात जाताना त्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून ते दोन, तीन, पाच, सात आणि आठ हे पाच व्हॉल्व्ह प्रत्येकी तीन मिनिटं आधी बंद करायला लागले. पाच त्रिक पंधरा. वस्तीचा व्हॉल्व्ह आठ दहाऐवजी पाच मिनिटं कमी आठला उघडायचा, आणि पंचवीसची चाळीस मिनिटं व्हायची. अकरा वर्षं.

"पण मी मोजलं होतं," मी म्हटलं. "तीन दिवस. तुम्ही बोर्डाप्रमाणेच..."

"तुम्ही घड्याळ घेऊन आलात," चाचा म्हणाले. "आफिसातून आलात. म्हणून तीन दिवस बोर्डाप्रमाणं चालवलं."

"आणि वस्तीतले लोक?"

"आधी सांगून ठेवलं होतं. म्हटलं, एक पोरगी लिहायला येणार आहे. तीन दिवस कळ काढा. माझ्या नोकरीचा शेवट आहे."

मला एकदम एकसष्ट भांडी आठवली. एकतीस रिकामी भांडी मुकाट्यानं घरी नेणारी माणसं आठवली आणि मी वहीत लिहिलेलं वाक्य आठवलं. प्रयोग बघणाऱ्यामुळे प्रयोग बदलतो, हे मी वर्गात शिकले होते, परीक्षेत त्यावर सात मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. इथे ते माझ्यासमोर तीन दिवस घडलं, आणि मी ते चाळीस सेकंदांच्या अचूकतेनं उतरवून घेतलं.

मी म्हटलं, काही काळजी करू नका, मी स्पेक बदलते, वस्तीला चाळीस मिनिटं लिहिते.

"ते लिहायचं न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण उभे राहिले. चाळीस मिनिटं कुठून आली, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मग अकरा वर्षं ठराव मोडला हे निघणार, चौकशी लागणार. निवृत्तीला नऊ दिवस राहिलेत. बत्तीस वर्षांत एक मेमो नाही, तो आता घेऊन घरी जायचं का?

"चाचा, मी लिहिलं नाही तर ते कुठेच नसेल. एजंटला कागदावर आहे तेवढंच ठाऊक असतं. एक तारखेपासून तुम्ही इथे नसाल."

"ठाऊक आहे मला ते," ते म्हणाले. "तेच तर कालपासून बघतोय इथं उतरून."

त्यांनी झाकण ओढून चेंबर बंद केला. मी त्यांना एवढंच वचन दिलं की त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

त्याच दुपारी मी मृदुलाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा चौदा पानांचा स्पेक उघडून त्यात काहीतरी शोधलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. शोधायच्या जागी त्यांनी 'मिनिट' हा शब्द टाकला होता. एकशे अठरा वेळा. मग त्यांनी 'घर' टाकला. शून्य. 'लिटर' टाकला. टाकीच्या क्षमतेत, एकदा.

"हा कागद वाचून," त्या म्हणाल्या, "हे पाणी माणसं पितात हे कुठे कळतं?"

मी स्क्रीनवर पानं वरखाली करून पाहिली.

"तू चावी कशी फिरवायची ते लिहिलंस. चाचा चावी कशासाठी फिरवतात ते लिहिलं नाहीस. एजंटला तेच हवं असतं. कशी फिरवायची ते तो काढेल."

मी रागावले होते, स्वतःवर आणि थोडी त्यांच्यावरही. पण जागेवर जाऊन बसले आणि नवा कागद घेतला. पहिलं वाक्य लिहायला मला एक तास लागला. ते असं होतं: सकाळच्या पाणीपुरवठ्यात गावातल्या प्रत्येक घराला, सगळ्यात उंच नळावरच्या घरालासुद्धा, निदान दोनशे लिटर पाणी मिळालं पाहिजे. त्याखाली कोणत्या भागात किती घरं, कोणता पाइप किती चढतो, टाकीत रोज किती पाणी येतं, हवा निघून जायला किती वेळ लागतो, एवढं दिलं. मोटारींसोबत प्रत्येक पाइपवर बसवलेल्या नव्या मीटरचे चाचणीतले आकडे जोडले. ठरावाची प्रत जोडली. मिनिटं कुठेच लिहिली नाहीत. सहावं कलम बदललं. व्हॉल्व्ह हातानं उघडलेला आढळला तर तो बंद करू नये, आधी माणसाला विचारावं, असं केलं. नवा कागद साडेचार पानांचा झाला.

एजंट दोन तास काम करत होता. मी समोर बसून होते. मग त्यानं वेळापत्रक मांडलं. वस्तीला एक्केचाळीस मिनिटं. दोन, तीन, पाच आणि सात नंबरची प्रत्येकी तीन मिनिटं कमी, आठ नंबरची चार.

मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. एका बाजूला दाब, उंची, घरांची यादी आणि सगळं गणित. दुसऱ्या बाजूला सायकलवरून फिरणारा, गटाराकडे बघून मिनिटं ठरवणारा एक माणूस. दोघांमध्ये एका मिनिटाचा फरक होता.

पण काम पूर्ण झालं नव्हतं. वेळापत्रकाखाली एजंटनं लिहिलं होतं: 'हे वेळापत्रक २००९ च्या ठरावातल्या वेळांशी जुळत नाही. ठरावातल्या वेळा पाळल्या तर वस्तीतल्या घरांना सरासरी त्र्याण्णव लिटर मिळतात. प्रत्येक घराला दोनशे लिटर आणि ठराव, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येत नाहीत. यांतली कोणती पाळायची, हे कागदात सांगितलेलं नाही. ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबतो.'

मृदुलाताईंनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. "हे छापून घे," त्या म्हणाल्या. "हे उत्तर आपणही द्यायचं नाही."

पंचवीस तारखेला वनमोरेसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. साहेब, मी आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर चाचा. त्यांना साहेबांनीच बोलावलं होतं. काय लिहिलं आहे ते मी आदल्या दिवशी चाचांना वाचून दाखवलं होतं. त्यात अकरा वर्षांचा उल्लेख नव्हता, कुणाचं नाव नव्हतं. ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "एक मिनिट जास्त देतंय."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"हे तुम्ही विचारलंय की त्यानं?"

"त्यानं. मी फक्त दोनशे लिटर लिहिलं."

"आमच्या सभेत इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. ते स्वतःशीच बोलत असावेत. मग सावध झाले. दोनशे लिटर बरोबर आहे, त्याला कोण नाही म्हणेल. पण खालच्या पाच भागांची मिनिटं कापली असं कागदावर आलं की दुसऱ्याच दिवशी मोर्चा येईल. सही त्यांची असणार. आणि ते हातानं उघडणारं कोण, याचा तपास लागला का?

ते पाणी चोरीला गेलेलं नाही, मी म्हटलं, मीटर सांगतं की ते वस्तीच्या नळांनाच गेलं. साहेब कागदाच्या कडेवर पेन आपटत बसले. ते नकार देणार असं मला वाटलं. नकार दिला असता तर चाचा सहा दिवसांनी स्वच्छ घरी गेले असते, आणि वस्ती पंचवीस मिनिटांवर राहिली असती. मला कुलपाची सूचना आठवली. तीही साहेबांच्या टेबलावर होती.

साहेबांनी चाचांकडे न बघताच विचारलं, "मुलाणी, समजा खालच्यांची तीन-तीन मिनिटं कमी केली. ओरड होईल?"

"न्हाई होणार, साहेब."

"एवढ्या खात्रीनं सांगताय?"

चाचा स्टुलावरून उठले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"अकरा वर्षं झाली न्हाई," ते म्हणाले. "म्हणून सांगतो."

साहेबांनी पेन ठेवलं. ते चाचांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हिशेब जुळल्यासारखं काहीतरी दिसलं. अकरा वर्षांत वस्तीवरून एकही मोर्चा का आला नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"बत्तीस वर्षांचा माणूस आहे," साहेब माझ्याकडे वळून सावकाश म्हणाले. "त्याचा अंदाज घ्यायलाच पाहिजे." आणि कागद पुढे ओढून त्यांनी खाली लिहिलं: 'अनुभवी व्हॉल्व्हमन यांच्या मते तक्रार संभवत नाही. प्रति घर दोनशे लिटर हे उद्दिष्ट ग्राह्य धरावं. प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने.' खाली सही केली, तारीख टाकली. कुलपाची सूचना उचलून त्यांनी मला परत दिली आणि चाचांना म्हणाले, "बसा हो. उभे कशाला?"

तो तीन महिन्यांचा प्रयोग अजून संपलेला नाही, असं मी ऐकते.

मी लॅपटॉप उघडून त्याच खोलीत एजंटला उत्तर लिहिलं. दोनशे लिटर पाळायचे, आदेश सोबत जोडला आहे. तो पुन्हा कामाला लागला.

एक फेब्रुवारीला चाचांनी मला चहाला बोलावलं. मी सकाळी वस्तीवर जाणार होते, पण ते म्हणाले, तिथं आता काय बघायचं, घरी या. त्यांचं घर मुलाणी गल्लीत होतं. अंगणात नळ, नळाखाली हमीदाचाची बादल्या लावत होत्या. चाचा निवृत्त माणसासारखे खुर्चीवर बसले होते, पण त्यांचे कान रस्त्याकडे होते.

गल्ली कोणत्या व्हॉल्व्हवर आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटची बादली अर्धी झाली आणि नळाची धार बारीक होऊन थांबली, तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सात चोपन्न. आठ नंबर.

"घ्या," चाची म्हणाल्या. "आजपण लवकर गेलं. मला वाटलं हे घरी बसले की तरी पूर्ण मिळेल. अकरा वर्षं बघते मी, पोरी. घरचा माणूस गावाला पाणी सोडतो आणि घरचीच बादली अर्धी."

चाचांनी कप खाली ठेवला. "आता वर सुटलं असेल," ते मला म्हणाले.

"वर कुठं?"

"वस्तीवर."

चाचींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं माझी अर्धी बादली तिकडं जात होती होय?"

चाचांनी कप पुन्हा उचलला.

"सांगायचं तरी," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

"न द्यायला काय झालं?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला, ती अर्धी बादली उचलली आणि आत घेऊन गेल्या.